पन्नाशीनंतरचा पहिला सॅक्सोफोन

वाद्य विकत घ्यायला निघालेल्या प्रौढ माणसाला दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो पैशांचा, आणि घरात विचारला जातो तो वयाचा. सॅक्सोफोनच्या बाबतीत या दोहोंच्या आधी एक प्रश्न यायला हवा, तो मात्र कोणी विचारत नाही : आपली मान कशी आहे? हे वाद्य गळ्यातल्या पट्ट्याला अडकवून वाजवायचे असते. विशीतला मुलगा ते दिवसभर मिरवील. आपले तसे नाही. आपल्या मानेत मणक्यांची झीज असते, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी पोळ्या लाटून आलेली ठणक असते, वरचे दोन दात कृत्रिम असतात. वाद्य या देहाला मानवेल असे निवडावे लागते आणि ते तसे निवडता येते, एवढेच सांगण्यासाठी हा लेख.

मी वादक नाही. हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेली आणि संध्याकाळी हार्मोनिअम पुढ्यात घेऊन नाट्यगीते, भावगीते गाण्यात. काळी पाच हा माझा षड्ज. निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी थायरॉइडची शस्त्रक्रिया करावी लागली. त्या ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राकडे एक बारीक नस जाते आणि शस्त्रक्रियेत तिला इजा होण्याची शक्यता असते. हे मला आधी नीट समजावून सांगितलेले होते, संमतिपत्रावर छापलेलेही होते. ती शक्यता माझ्या वाट्याला आली. डावा स्वरतंतू हलेनासा झाला. पुढे स्पीच थेरपीने बोलण्यापुरता आवाज परत आला. भाजीवाल्याशी, नातवंडांशी आता अडत नाही. गाणे मात्र आले नाही. मध्य सप्तकातला धैवत ओलांडला की आवाज फाटतो आणि दोन ओळींत दम संपतो, कारण दोन स्वरतंतूंमध्ये जी फट राहते तिच्यातून श्वास फुकट निघून जातो.

सॅक्सोफोनचा विचार मनात आला तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना मी भीतभीतच विचारले. त्यांनी कागदावर गळ्याची आकृती काढली आणि सांगितले, “बाई, गाताना हवेला अडवायचं काम गळ्यात होतं. या वाद्यात ते काम ओठापाशी, रीडवर होतं. गळ्यातल्या फटीची तिथे अडचण नाही.” गायकाच्या गळ्यात जे कंपन होते, ते येथे वेताच्या एका पातळ पट्टीवर सोपवलेले असते. माझ्यासारखीला याहून अधिक काय हवे होते? त्यांनी सोबत तीन चौकशा केल्या, त्या आपणही करून घ्याव्यात : रक्तदाब आटोक्यात आहे का, हर्निया आहे का, आणि डोळ्यांत काचबिंदू आहे का. सुषिर वाद्य जोराने फुंकताना डोळ्यांतील दाब तेवढ्यापुरता वाढतो. ट्रम्पेट किंवा ओबो यांसारख्या फार अवरोध असलेल्या वाद्यांत तो अधिक वाढतो, सॅक्सोफोनला त्या मानाने कमी अवरोध असतो. तरी काचबिंदूच्या रुग्णाने नेत्रतज्ज्ञांना विचारल्यावाचून पैसे मोजू नयेत.

“आई, मग बासरी का नको?” हा माझ्या मुलीचा प्रश्न. प्रश्न रास्त होता. बासरी हलकी, स्वस्त आणि आपली. पण बासरीत हवेची धार नेमक्या कडेवर आदळवावी लागते. कित्येकांचे पहिले काही आठवडे नुसत्या फुसफुसाटात जातात. सॅक्सोफोनमध्ये रीड असल्यामुळे पहिल्याच दिवशी स्वर निघतो. तो म्हशीच्या हंबरण्यासारखा असेल, पण निघतो. दुसरे कारण तर्काचे नाही. या वाद्याचा मधल्या पट्टीतला स्वर छातीतून आल्यासारखा भासतो. ‘कश्मीर की कली’ (1964) या चित्रपटातील रफींच्या एका गाण्यात मनोहारी सिंग यांनी वाजवलेला सॅक्सोफोन आपल्या पिढीच्या कानांत अजून आहे. तो गाण्याला साथ करत नाही, गाण्याशी बोलतो. आणि हे वाद्य पाश्चात्त्य असल्याने त्यावर आपले राग कसे वाजणार, ही शंका मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ (1949–2019) यांनी केव्हाच मिटवून टाकली आहे. नागस्वर वाजवणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या या कलावंताने म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि पुढे तो कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाने बसवला.

आमच्या सोसायटीत मात्र हे वाद्य म्हणजे वरातीतले वाद्य. “बाई, आता बँडमध्ये जाणार का?” असे एका गृहस्थांनी जिन्यात विचारले. मी ‘बोलावलंत तर येईन’ म्हटले. बँडवाल्यांचे वाद्य म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, बेल्जियममध्ये जन्मलेल्या अडॉल्फ सॅक्स यांनी पॅरिसमध्ये 1846 साली याचे पेटंट घेतले तेव्हा त्यांच्या नजरेसमोर लष्करी बँडच होते. मोकळ्या मैदानात ऐकू जावे, आणि तरी त्यात वेळूच्या वाद्याचा मृदूपणा असावा, अशी ती घडण आहे. देह पितळेचा, पण आवाज वेताच्या रीडचा. म्हणूनच पितळी असूनही त्याची गणना काष्ठवाद्यांत होते.

आता निवडीकडे वळू. सॅक्सोफोनच्या घराण्यात बाजारात सहज मिळणारी चार भावंडे आहेत. सोप्रानो सर्वांत लहान, बहुधा सरळ नळीसारखा; त्यानंतर ऑल्टो, टेनर आणि बॅरिटोन. ऑल्टोचे वजन सुमारे अडीच किलो, टेनरचे साडेतीनच्या आसपास, बॅरिटोनचे पाच-सहा किलो. आकडा वाचताना फार वाटत नाही. अडीच किलो साखरेची पिशवी दोरीने गळ्यात अडकवून अर्धा तास उभे राहून पाहावे, म्हणजे या आकड्यांचा अर्थ उमगतो. टेनरचा घनगंभीर आवाज ऐकून प्रौढ माणूस, विशेषतः पुरुष, तिकडे ओढला जातो. मान ठणठणीत असेल तर जरूर घ्यावा. सोप्रानो हलका म्हणून मोह पाडतो, पण त्याचे तोंड लहान आणि सूर निसटता. नवशिक्याला तो सुरात धरून ठेवणे फार जड जाते. उरतो तो ऑल्टो. बोटांची ठेवण चौघांतही एकच असल्याने ही निवड जन्माची गाठ नसते. दोन वर्षांनी टेनरकडे गेलात तरी शिकलेले सारे बरोबर येते.

ऑल्टो घेतला तरी गळ्यातला साधा पट्टा बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. साधा पट्टा सारा भार मानेच्या मागच्या एका रेषेवर टाकतो. दोन्ही खांद्यांवरून येणारा हार्नेस तो भार पाठीवर वाटून देतो. वाद्याच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ असते. पट्ट्याची लांबी अशी ठेवावी की, ताठ बसल्यावर माउथपीस आपणहून ओठांपाशी येईल. मान पुढे काढून वाद्याकडे जाण्याची सवय एकदा लागली की ती पुढे फिजिओथेरपिस्टचे दार दाखवते. उजवा अंगठा खालच्या आकड्यात फक्त टेकवायचा असतो, त्याने वाद्य उचलून धरायचे नसते. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर दुकानातच दहा मिनिटे धरून पाहावे. डाव्या करंगळीच्या कळाही दाबून पाहाव्यात. त्या काही वाद्यांत फार कडक असतात.

दातांविषयी थोडेसे. वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकतात आणि खालच्या दातांवर ओठ दुमडून घ्यावा लागतो. वरचे दात हलत असतील किंवा वरची पूर्ण कवळी असेल तर दंतवैद्यांना वाद्याचे माउथपीस नेऊन दाखवावे. कंप दातांना झोंबत असेल तर माउथपीसवर चिकटवायची रबरी चकती मिळते. मी ती पहिल्या दिवसापासून वापरते.

आता ज्या गोष्टीने मला ऑल्टोच्या बाजूला कायमचे वळवले ती सांगते. सॅक्सोफोनची स्वरलेखनाची पद्धत थोडी चमत्कारिक आहे. ऑल्टोवर ‘सी’ची बोटे धरली की हार्मोनिअमवरची काळी दोन मिळते, टेनरवर तीच बोटे धरली की काळी पाच. आमचे सर वसईचे, हयातभर लग्नांतून आणि स्टुडिओंतून वाजवलेले. शिकवणी सुरू झाली तेव्हा मी स्वतःचे वाद्य घेतलेलेच नव्हते. त्यांच्याकडचा एक जुना ऑल्टो महिनाभर वाजवला, आणि आपणही वाद्याच्या आधी शिक्षक शोधावा, कारण वाद्य निवडताना तोच बरोबर असायला हवा. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी डाव्या हाताची पहिली तीन बोटे ठेवायला सांगितली. नवशिक्यांना शिकवल्या जाणाऱ्या पहिल्या काही स्वरांतला हा एक. मी फुंकले. स्वर स्थिरावेपर्यंत दोन-तीन श्वास गेले, आणि मग तो कानाला ओळखीचा वाटला. घरी येऊन आठ महिने न उघडलेले हार्मोनिअमचे झाकण उघडले आणि पडताळून पाहिले. ती काळी पाच होती. माझाच षड्ज, माझ्याच सप्तकातला.

पुढे हिशेब मांडला तेव्हा ध्यानात आले की, हा षड्ज धरला तर ऑल्टोवर खाली मंद्रातल्या कोमल गंधारापर्यंत आणि वर तारातल्या कोमल निषादापर्यंत जाता येते. ऐन भरात मी याहून अधिक कधी गायिले नव्हते. आपण गात असाल, किंवा कधीकाळी गात होतात, तर आपल्या पट्टीशी ऑल्टोचे आणि टेनरचे नाते असे एकदा मांडून पाहावे. पुरुषाच्या खर्जाला टेनर अधिक जवळचा वाटेल. दुकानदार हे सांगणार नाही.

वाद्य नवे घ्यावे की जुने, नामांकित घ्यावे की स्वस्त, हा प्रश्न पैशांचा वाटतो. मला तो आरोग्याचाही वाटतो, आणि त्याचे कारण आमच्या वर्गातले एक सहाध्यायी. वय एकसष्ट, पूर्वी सिगारेट ओढणारे, दहा वर्षांपूर्वी सोडलेली. त्यांनी सोनेरी चकाकीचा, पेटी-हातमोज्यांसकट अगदी स्वस्तात मिळणारा ऑल्टो घरबसल्या मागवला. वरचे स्वर कसेबसे निघत. खाली ‘डी’च्या पुढे गेले की आवाज फुटे किंवा नुसती हवा येई. गृहस्थ दिवसेंदिवस खचत चालले. सिगारेटने फुप्फुसे गेली, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले. दम वाढावा म्हणून पहाटे टेकडी चढू लागले, रात्री झोप उडाली, आणि शेवटी त्यांनी फुप्फुसांची तपासणी करून घेतली. अहवाल वयाच्या मानाने चांगला आला. तरी त्यांचा अहवालावर विश्वास बसेना.

अखेर सरांनी त्यांचे वाद्य हातात घेतले. पन्नास वर्षे वाजवणाऱ्या त्या माणसालाही खालचा ‘सी’ नीट निघेना. मग त्यांनी वाद्याच्या पोटात एक बारीक दिवा सोडला आणि खोलीतला दिवा मालवला. बंद असायला हव्या त्या भोकांच्या कडांतून ठिकठिकाणी उजेड पाझरत होता. सॅक्सोफोनवर वीसहून अधिक झाकणे असतात, प्रत्येकाच्या आत चामड्याचे पॅड. त्यांतले एक जरी कडेला केसभर उचललेले राहिले तरी त्याच्या खालचे सारे स्वर बिघडतात. गृहस्थ कितीतरी वेळ त्या उजेडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माझी छाती गळत नव्हती!” वाद्य दुरुस्त करायला जवळजवळ खरेदीइतकाच खर्च येणार होता. त्यांनी ते परत केले आणि एका बँडमधून निवृत्त झालेला, पण चांगल्या हाताने पॅड बदललेला जुना ऑल्टो घेतला. आता ते टेकडी चढतात ती हौस म्हणून.

लहान मुलाला वाद्य वाजेना तर ते वाद्यावर रागावते. आपण प्रौढ माणसे लगेच आपल्या वयावर, दमावर, बोटांवर दोष घेतो. म्हणून पहिले वाद्य साधे असले तरी चालेल, गळके असता कामा नये. यामाहा, ज्युपिटर यांसारख्यांची विद्यार्थ्यांसाठीची नवी वाद्ये मध्यमवर्गीय घराला जड जातात, हे खरे. पण पॅड बदलून घेतलेले जुने चांगले वाद्य हा मला मधला आणि शहाणपणाचा मार्ग वाटतो. दुकानात जाणत्याला बरोबर न्यावे आणि त्याला सर्वांत खालचे स्वर अगदी हळू वाजवायला सांगावे. जोराने फुंकून गळती झाकता येते, हळू फुंकताना ती झाकत नाही. मग एकेक कळ दाबून सोडावी. ती लगेच वर यायला हवी. ‘जी शार्प’चे पॅड चिकटण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे, ते मुद्दाम पाहावे. अंगावरचे ओरखडे, उडालेले सोनेरी पाणी यांकडे दुर्लक्ष करावे. वाकलेली मान आणि भोकांजवळचे पोचे यांकडे करू नये. माउथपीस वेगळे, बेताच्या तोंडाचे आणि स्वतःचे घ्यावे. जुन्या वाद्याबरोबर आलेले असेल तर कोमट पाण्याने आणि साबणाने धुवावे, कढत पाण्याने मुळीच नव्हे. रीडवर जाडीचा क्रमांक असतो. सुरुवातीला दीड ते अडीचच्या दरम्यानचे पुरे. जाड रीड म्हणजे वरची इयत्ता नव्हे, हे शाळामास्तरीण म्हणून मी अधिकाराने सांगते.

स्वच्छतेचा विषय मात्र घाईने संपवण्यासारखा नाही, विशेषतः आपल्या हवेत. श्वासातली वाफ वाद्याच्या पोटात जमते. ती तशीच ठेवून पेटी बंद केली की, आतल्या दमट अंधारात बुरशी धरते, आणि पुढच्या वेळी फुंकण्याआधी जो खोल श्वास आपण घेतो तो त्याच तोंडाशी घेतो. न स्वच्छ केलेल्या वाद्यांतील बुरशीमुळे वादकांना महिनोन्‌महिने खोकला आणि फुप्फुसांचा दाह झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. यावर उपाय अगदी साधा आहे. वाजवण्याआधी चूळ भरावी, वाजवून झाल्यावर दोरीला बांधलेले फडके नळीतून दोनदा ओढावे, रीड काढून पुसून सपाट ठेवावी, आणि पेटी तासभर उघडी ठेवावी. रीडा तीन-चार आलटून पालटून वापराव्यात. पावसाळ्यात मी पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि त्या दर पंधरवड्याला बदलते; या नियतकालिकाचा नवा अंक आला की बदलायच्या, म्हणजे विसरत नाही. दुसऱ्याची रीड तोंडात घेऊ नये, स्वतःची देऊ नये. नातवाला हे समजावणे सर्वांत कठीण गेले.

राहता राहिले शेजारी. हे वाद्य मोठ्याने बोलते, आणि त्याच्या तोंडात बोळा कोंबून काही साधत नाही, कारण आवाज अंगावरच्या सगळ्या भोकांतून बाहेर पडतो. खोलीच्या दारे-खिडक्या लावून, साड्यांनी भरलेले कपाट सताड उघडून त्याच्याकडे तोंड करून वाजवावे. कपडे बराच आवाज पिऊन टाकतात. वेळ ठरवून घ्यावी. माझी दुपारी साडेचार ते पाच, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती, कारण सुरुवातीला ओठांच्या कडा लवकर थकतात आणि थकलेला ओठ दातांखाली चिरडला जातो. सर्वांना मी ती वेळ कळवून ठेवली आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये खालच्या मजल्यावर दहावीची परीक्षा असते, त्या दिवसांत मी न फुंकता नुसती बोटे चालवते. तेव्हा खोलीत कळांची हलकी टकटक तेवढी होते, आणि तीन बोटे खाली टेकली की काळी पाच मनातल्या मनात लागते.